मुंबईची एक फर्म की नाशिकचे चार वकील?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कारखान्यांचे दहा-पंधरा दावे एकाच वेळी चालू असतात, त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: सगळे काम मुंबईच्या एका मोठ्या फर्मला मासिक रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या मोबदल्यावर, द्यावे, की आपल्या विधी अधिकाऱ्याने ते नाशिकच्या वकिलांना विषयवार वाटून द्यावे? पूर्णवेळ पगारी अधिकाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करता येत नाही, त्यामुळे बाहेरचा वकील टळत नाही. मी दोन्ही व्यवस्था चालवून पाहिल्या आहेत.

फर्मचा मसुदा नेटका असतो आणि अहवाल महिन्याच्या महिन्याला येतो. तिचे दर मी फारसे मनावर घेतले नाहीत, कारण हलगर्जीने चालवलेला स्वस्त दावा त्याहून महाग पडतो. मला खटकले ते वेगळेच. आमचे प्रकरण पाहणारा कनिष्ठ वकील दर काही महिन्यांनी बदलायचा, नव्याला पहिल्या खरेदी आदेशापासून सगळे पुन्हा सांगावे लागायचे आणि त्या सांगण्याचे तासही बिलात लागायचे. म्हणजे शिकवायचे आम्ही आणि शिकवणीची फीही आम्हीच भरायची! एका व्यावसायिक (कमर्शियल) दाव्यात तर तिसरा वकील आला तेव्हा समन्स मिळून शंभर दिवस उलटले होते. अशा दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. सबळ कारणासाठी मुदत वाढली तरी १२० दिवसांनंतर तो हक्कच संपतो आणि न्यायालयालाही विलंब माफ करता येत नाही. आमची कैफियत ११७ व्या दिवशी दाखल झाली.

नाशिकच्या वकिलांकडे प्रकरण एकाच माणसाच्या डोक्यात राहते. कामगार न्यायालयातले आमचे वकील जुन्या खातेचौकशीतला साक्षीदारही नावानिशी सांगतात. उणिवा आहेतच: तारखेला काय झाले हे स्वतःहून कळवणारे थोडे, आणि वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले की पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज ठरलेला. मात्र सीएनआर क्रमांकांची (प्रत्येक प्रकरणाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकांची) यादी करून ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा पाहण्याचे काम विभागात एकाला नेमून दिल्यावर पहिली तक्रार बरीचशी मिटली. शिवाय उच्च न्यायालयासाठी नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाकडे असले, तरी जळगाव, धुळे आणि अहिल्यानगर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे येतात. त्यामुळे खानदेशातल्या वितरकाचे प्रकरण वर गेले तेव्हा आमच्या फर्मने तिथलाच वकील गाठला आणि आम्ही दोघांची बिले भरली.

कंपनी विधी न्यायाधिकरणाची आणि परदेशी पुरवठादारांबरोबरच्या लवादांची कामे आम्ही आजही मुंबईलाच देतो, कारण तो अनुभव नाशिकमध्ये सहज मिळत नाही. फक्त नेमणूकपत्रात वकिलाचे नाव लिहून घेतो आणि माणूस बदलल्यास नव्याला तयार करण्याचे तास आकारू नयेत, अशी अट घालतो. पाठपुरावा करणारा एकही माणूस ज्यांच्याकडे नाही, त्यांना कदाचित फर्मच बरी पडेल. असा माणूस असेल, तर निदान न्यायालयातले रोजचे दावे तरी मी नाशिकबाहेर पाठवणार नाही.