कडबा कुट्टीवरचं लाल बटन: आठ महिन्यांनंतर

आमच्या कोठ्यावरची कुट्टी मशीन ३ एचपीची, थ्री फेज. आधी नुसता मेन स्विच होता, तोही सहा पावलं लांब भिंतीवर. लाइन गेली की स्विच चालूच राहायचा, अन् लाइन आली की मशीन आपोआप गरगर फिरायची. शेवटी डीओएल स्टार्टर घेतला, म्हणजे हिरव्या बटनानं मोटर चालू करणारी अन् लाइन गेली की आपोआप सुटणारी पेटी, आणि सोबत छत्रीसारख्या टोपीचं लाल इमर्जन्सी बटन, ४० मिमीचं, मागे पिवळी चकती. बटनाला अडीचशे रुपये पडले.

वायरमन मोटरची लाइनच बटनातून नेत होता. त्याला थांबवलं. बटनाचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) स्टार्टरला धरून ठेवणाऱ्या कॉइलच्या वायरीत, स्टॉप बटनासोबत सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, घ्यायचा. मग ही वायर तुटली तरी मशीन बंदच पडते. दाबलं की बटन अडकून बसतं, पिळल्याशिवाय वर येत नाही. वर आल्यावरही हिरवं बटन दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

जागेत मात्र मीच चुकलो. दोन महिने ते स्टार्टरशेजारीच ठेवलं, म्हणजे पुन्हा सहा पावलं! एक दिवस गड्याची बाही कडब्यासोबत, कडबा आत ओढणाऱ्या रोलरकडे ओढली गेली. धावत जाऊन दाबलं. बाही फाटली, हात वाचला. "भाऊ, बटन तिथं काहून लावलं?" एवढंच म्हणाला तो. आता ते कडबा टाकायच्या तोंडाशेजारी आहे, जमिनीपासून पाऊण मीटरवर. दोन्ही हात गुंतले तरी मांडीनं दाबता येतं. इमर्जन्सी बटनांसाठीच्या आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय मानकात ०.६ ते १.७ मीटर उंची सांगितली आहे, त्यात हे बसतं.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बटनानं मोटर बंद होते, पण पात्यांचं जड चाक स्वतःच्या जोरानं फिरत राहतं, आणि रोलरही त्याच्यासोबत ओढतच राहतात. म्हणून रोलरचा दांडा तितकाच महत्त्वाचा. मध्ये आणला की रोलर सुटतात. आमचा गंजून जाम झाला होता. आता दर पंधरवड्याला ग्रीस.

तक्रारी किरकोळ. कुटाराची धूळ टोपीखाली साचते, ती फडक्यानं पुसावी लागते. गोऱ्हा अंग घासतो तेव्हा बटन दबतं, मग सकाळी "मशीन बिघडली" म्हणून मला हाक. बटनावर डबा झाकायचा सल्ला मिळाला, मी ऐकला नाही. ऐन वेळी डबा कोण काढणार? त्यापेक्षा गोऱ्ह्यालाच पलीकडच्या खुंट्याला बांधलं.

काल पाहतो तर आईनं बटनावर दावं टांगलेलं. हातभर दूर एक खिळा ठोकून दिला.