हॉटेलचं वाय-फाय आणि परगावचा खटला: ट्रॅव्हल राउटर काही महिने वापरल्यावर

आधीच सांगते, ट्रॅव्हल राउटर, म्हणजे हॉटेलचं नेट घेऊन आपलं स्वतःचं वाय-फाय तयार करणारी छोटी डबी, घेतल्याने हॉटेलचं इंटरनेट वेगवान होत नाही. हॉटेलने खोलीमागे जेवढा वेग सोडलाय तेवढाच मिळणार. तरीही परगावच्या खटल्याला निघताना तो बॅगेत असतोच.

आमच्या वकिली टीमचं काम कसं चालतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवसभर कोर्टात, त्यामुळे खरी धावपळ संध्याकाळी. त्या दिवसाच्या साक्षीचं टिपण उतरवायचं, उद्याच्या साक्षीदाराचे दस्तऐवज ऑफिसकडून मागवायचे, उलटतपासणीचे मुद्दे सिनियरना पाठवायचे, मध्येच तज्ज्ञ साक्षीदाराशी व्हिडिओ कॉल. नेमकं तेव्हाच सगळं हॉटेल जेवून खोलीत परतलेलं असतं आणि प्रत्येक टीव्हीवर काही ना काही चालू असतं.

पहिला फायदा लॉगिनचा. बहुतेक हॉटेलांत खोली नंबर आणि आडनाव टाकायचं, तेही दोनच उपकरणांपुरतं. आमच्याकडे लॅपटॉप, फोन आणि एक छोटा प्रिंटर, आणि प्रिंटरवर लॉगिनचं पान उघडणार कुठे? हॉटेलची यंत्रणा उपकरणाला मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या नेटवर्क ओळखक्रमांकावरून, ओळखते. राउटर मध्ये आला की तिला एकच उपकरण दिसतं. आत टीमचं स्वतःचं वाय-फाय, नाव आणि पासवर्ड दर वेळी तोच. नव्या हॉटेलात पोचल्यावर मी एकदा लॉगिन करते, बाकीच्यांचे लॅपटॉप आपोआप जोडले जातात. काही हॉटेलांना असा राउटर चालत नाही, म्हणून काउंटरवर आधी विचारलेलं बरं.

लॉगिनचं पान कधीकधी उघडतच नाही, आणि पहिल्या वेळी यात संध्याकाळ जाऊ शकते. व्हीपीएन (सगळी ये-जा कूटबद्ध करून नेणारी जोडणी) चालू असेल तर आधी बंद करा. राउटरमध्ये स्वतःचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) लावला असेल तर तोही काढा. माझ्या राउटरचं सॉफ्टवेअर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या प्रणालीवर बेतलेलं आहे. त्यात ‘रीबाइंड’ संरक्षण नावाची सोय असते, ती खासगी, म्हणजे स्थानिक नेटवर्कच्या आतल्या, पत्त्याकडे नेणारं डीएनएसचं उत्तर गाळून टाकते, आणि लॉगिनचं पान बरेचदा अशाच पत्त्यावर असतं. शेवटचा उपाय म्हणजे फोनवरून लॉगिन करून फोनचा मॅक पत्ता राउटरला द्यायचा. इथे एक मेख आहे. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता दाखवतो. तेव्हा फोनच्या माहितीत दिसणारा मूळ पत्ता उपयोगाचा नाही, त्या वाय-फायच्या नावाखाली दिसणारा घ्यायचा.

आता ज्या कारणासाठी मी हा राउटर सोडणार नाही ते. हॉटेलात डाउनलोड कसंबसं चालतं, रडारड असते ती अपलोडची. तीन जीबीचे स्कॅन केलेले दस्तऐवज दोन एमबीपीएसने पाठवायला सव्वातीन तासांहून जास्त लागतात. हे साधं गणित आहे, ते कोणी बदलू शकत नाही. पण त्या सव्वातीन तासांत बाकी सगळंही ठप्प होतं, आणि ते टाळता येतं. अपलोडची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेतल्या उपकरणात रांग लावून बसतात, कॉलचा आवाज त्या रांगेत मागे अडकतो, आणि सिनियर विचारतात, ‘ऐकू येतंय का?’ ओपनडब्ल्यूआरटीत ही रांग आटोक्यात ठेवणारी एसक्यूएम नावाची सोय आहे. वेग मोजायचा आणि त्याच्या साधारण पंच्याऐंशी-नव्वद टक्के मर्यादा तिथे घालायची. मग रांग हॉटेलच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरात लागते, आणि राउटर कॉलच्या पाकिटांना मध्ये वाट देतो. अपलोड थोडं लांबतं, पण कॉल तुटत नाही. मात्र हॉटेलचा वेग तासातासाला बदलतो, त्यामुळे दुपारी मोजलेला आकडा रात्री चालत नाही. मी संध्याकाळी पुन्हा मोजते.

खोलीत शिरल्यावर माझं पहिलं काम टेबलामागे आणि टीव्हीमागे वाकून बघणं. तिथे नेटवर्कचं सॉकेट सापडलं आणि ते जिवंत निघालं तर वाय-फायच्या हवेतल्या गर्दीची अर्धी भांडणं मिटतात. नाहीच सापडलं तर राउटर हॉटेलचं वाय-फाय पकडून पुढे वाटतो. तेव्हा शक्य असेल तर हॉटेलकडची जोडणी ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि भरलेल्या हॉटेलात तिन्हींवर गर्दी.

गोपनीयतेचं म्हणाल तर अशिलाचे कागद हॉटेलच्या उघड्या वाय-फायवरून पाठवताना मला धाकधूक वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. २०१४ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने ‘डार्कहॉटेल’ नावाची मोहीम उघड केली होती, त्यात हॉटेलच्या नेटवर्कवरून बड्या अधिकाऱ्यांना खोटे सॉफ्टवेअर अपडेट दाखवले जात. म्हणून अपडेट निघण्याआधीच करून घ्यायचे आणि कामाचं सगळं व्हीपीएनमधून. छोट्या राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार हलका पडतो, पण तो फक्त यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो आणि काही हॉटेलं ते अडवतात. त्यासाठी टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइट्स ज्या वाटेने चालतात त्याच वाटेवर, चालणारा ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रकार तयार ठेवलाय. हळू आहे, पण जातो.

तक्रारी आहेतच. राउटर तापतो. फोनच्या जुन्या चार्जरवर लावला की मध्येच बंद होऊन चालू होतो, त्याला त्याचाच चार्जर हवा. हॉटेलचं लॉगिन ठरावीक वेळाने संपतं, आणि ते रात्री अपलोडच्या मध्यात संपलं तर राउटर काही करू शकत नाही. झोपण्याआधी मुद्दाम पुन्हा लॉगिन करायचं, आणि तुटलं तिथून पुढे चालू होणारंच साधन फायली पाठवायला वापरायचं. हॉटेलचं नेट पार झोपलं तर फोन यूएसबीने राउटरला जोडला की टीमला फरक कळतही नाही, फक्त फोनचा डेटा भराभर संपतो. क्लाउडची आपोआप होणारी सिंक तेव्हा आधी थांबवा.

एकट्याने जाणार असाल, लॅपटॉप एकच आणि काम ईमेलपुरतं, तर हा खर्च करू नका, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. आणि उद्याच्या साक्षीदाराचे दस्तऐवज, राउटर कितीही चांगला असला तरी, कूटबद्ध ड्राइव्हवर आणि कागदावर सोबत असलेच पाहिजेत. आमच्याकडे तो ड्राइव्ह एकाच्या बॅगेत आणि कागदांचा गठ्ठा दुसऱ्याच्या बॅगेत असतो.