३१२ की २९४? पाणी बचतीच्या सल्लागार सेवेचा १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात पाणी बचतीच्या सल्लागार कंपनीकडून नूतनीकरणाचं बिल आलं. सोबत ‘बचतीवरची फी’ म्हणून वेगळा कागद होता. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘आधीचा वापर : रोज ३१२ घनमीटर’ असं लिहिलंय. हा आकडा चुकीचा आहे आणि हे त्यांना मार्चपासून ठाऊक आहे. म्हणून आज लिहायला बसलो.

धुळ्याच्या बाहेर, सुरत-नागपूर महामार्गाला लागून आमचा सरकी-सोयाबीन तेलाचा कारखाना आहे. बॉयलर, कूलिंग टॉवर, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) हे सगळं माझ्याकडे. पाणी तीन बोअरचं आणि एका विहिरीचं, एप्रिल लागला की टँकर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याच्या एका कंपनीकडून पूर्ण पॅकेज घेतलं : वॉटर ऑडिट (पाणी कुठे किती जातं याची तपासणी), पाणी मोजणारे ११ इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर, मोबाइलवर डॅशबोर्ड, महिन्याला एक मीटिंग आणि वर्षाचा पाणी आराखडा. अशा पॅकेजमध्ये काय काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊन टाकतो. मीटर बसले नसते तर आमची सगळ्यात मोठी गळती आजही चालूच असती.

श्रावणात कानबाईला आमच्याकडे कारखाना बंद असतो. पोरं गावाकडे जातात, कोणी थांबत नाही. रविवारी रात्री घरी रोट झाले, जागरण चाललं होतं, आणि मी सहज मोबाइल उघडला. रात्रीचे दोन वाजलेले. बॉयलर थंड, टॉवर बंद, कँटीनला कुलूप. तरी मेन लाइनच्या मीटरवर ताशी १.६ घनमीटर! वॉचमन आप्पाला फोन लावला. म्हटलं, “आप्पा, पानी कोठे जाई राहिनं?” ते म्हणाले, “साहेब, कारखाना बंद से, नळ बी सगळा बंद सेतस.”

गाडी काढून गेलो. आम्ही दोघांनी एकेक व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मोबाइलवर आकडा बघायचा, असं चालवलं. कँटीनची लाइन बंद केली, आकडा जागेवर. बागेची केली, तरी जागेवर. सॉफ्टनरची बंद केली आणि मिनिटभरात शून्य. सॉफ्टनरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचं (पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं) सील आतून झिजलं होतं, त्यामुळे पाणी सरळ ड्रेनला जात होतं. ड्रेनच्या पाइपाचं तोंड गटारीच्या पाण्यात बुडालेलं, म्हणून ना धार दिसायची ना आवाज यायचा. आप्पांनी बाही वर करून गटारीत हात घातला आणि म्हणाले, गार पाणी लागतंय. ताशी १.६ म्हणजे दिवसाला ३८ हजार लिटर. किती महिने जात होतं, देव जाणे. मे महिन्यात ज्या टँकरसाठी मी ड्रायव्हरांच्या हातापाया पडलो होतो, ते पाणी त्या गटारीतून गेलं. ती रात्र मी विसरू शकत नाही.

ऑडिटवाले त्याआधी तीन दिवस कारखान्यात फिरून गेले होते, त्यांना हे सापडलं नाही. दिवसा, सगळं चालू असताना ते सापडणारही नाही. म्हणूनच माझा त्यांच्या डॅशबोर्डवर राग आहे. उघडल्यावर समोर येते ती दिवसाची सरासरी. रात्री दोनचा आकडा बघायचा तर पाच ठिकाणी बोट लावावं लागतं. कारखाना बंद असतानाचा आकडा हीच पाण्याची नाडी आहे, तो पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात द्या, असं मी सप्टेंबरपासून प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतोय. उत्तर ठरलेलं : पुढच्या व्हर्जनमध्ये. रंगीत गोल आलेखांचं पान मात्र दोनदा बदललं. नऊ महिने झाले, पाच टिचक्या अजून पाचच आहेत.

कूलिंग टॉवरचं काम मात्र त्यांनी मनापासून केलं, त्यात खोट काढता येणार नाही. टॉवरमधलं क्षार वाढलेलं पाणी सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात; आमचा ऑपरेटर त्याचा व्हॉल्व्ह अंदाजाने उघडायचा. टॉवरमध्ये येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (यावरून क्षार किती ते कळतं) ११००, सोडलेल्या पाण्याची २७५०, म्हणजे पाणी अडीच पटच घट्ट होतंय तोवर आम्ही ते फेकत होतो. त्यांनी केमिकलचा डोस बदलून ४४०० पर्यंत, म्हणजे चार पटींपर्यंत नेलं. बाष्पीभवन होतं तेवढंच होतं, पण फेकायचं पाणी निम्म्यावर आलं. रोजचे नऊ घनमीटर वाचले. क्षार साचतील म्हणून मला धास्ती होती, पण दोनदा कंडेन्सर उघडून पाहिला, नळ्या स्वच्छ होत्या. बॉयलरचं कंडेन्सेट (वाफेचं पुन्हा झालेलं पाणी) परत आणल्यावर आणखी सात-साडेसात वाचले, आणि ते पाणी मुळात गरम असल्याने इंधनही.

आता दोन नंबरच्या बोअरचा मीटर. हा त्यांनी एल्बोला (पाइपाच्या वळणाला) चिकटून बसवला होता. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी हवी, हे बहुतेक मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. बसवताना मी विचारलं तर म्हणाले, चालतं. मार्चमध्ये पंपाचे तास आणि मीटरचा आकडा जुळेना, तेव्हा मी दहा हजार लिटरची रिकामी टाकी त्या लाइनवर भरून घेतली. टाकी काठोकाठ भरली तेव्हा मीटर ११,७०० दाखवत होता. १७ टक्के जास्त! तक्रार नोंदवली, ती ‘दूरस्थ पद्धतीने निकाली’ म्हणून परस्पर बंद झाली. पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा नोंदवल्यावर एकोणिसाव्या दिवशी इंजिनिअर आला.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. मी सगळं खापर एल्बोवर फोडत होतो. त्या पोराने लाइन उघडून दाखवलं की पाइप पूर्ण भरतच नव्हता. बोअरची पातळी खाली गेल्याने पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता, आणि पाइप अर्धवट भरला की हा मीटर रिकाम्या जागेलाही पाणीच समजतो. म्हणजे अर्धी चूक आमची. पंप ४० फूट खाली सोडला. मीटर त्याने उभ्या, वर चढणाऱ्या पाइपावर नेला, तिथे पाइप नेहमी भरलेला राहतो. पुन्हा टाकी भरली तर मीटर १०,०८०. पोरगा हुशार होता आणि त्याने घाईही केली नाही. त्याचं नाव मी त्यांच्या वरिष्ठांना कळवलं.

पण पुढचा प्रश्न कुणी विचारायचा? आधीच्या वापराचा आकडा गेल्या मे महिन्यात ठरला, तो याच मीटरवर. या बोअरचे १२० घनमीटर धरले होते, खरे १०२.६ होतात. मग एकूण ३१२ नाही, २९४.६. आज रोजचा वापर २४० आहे. त्यांच्या हिशेबाने बचत २३ टक्के, खऱ्या हिशेबाने साडेअठरा. एप्रिलमध्ये मीटर नीट केला त्या महिन्यात त्यांच्या अहवालात बचत एकदम १७ घनमीटरने वाढलीय. त्या महिन्यात एक थेंबही जास्त वाचला नव्हता, मीटर फक्त खरं बोलायला लागला होता. त्या १७ घनमीटरवरही ते फी मागतायत.

फीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज १०० घनमीटरपेक्षा जास्त भूजल उपसणाऱ्या उद्योगाने दरवर्षी वॉटर ऑडिट करायचं आहे आणि तीन वर्षांत उपसा किमान २० टक्क्यांनी कमी करायचा आहे. २३ लिहिलं तर आम्ही पास, साडेअठरा लिहिलं तर अजून काम बाकी. त्या कागदावर सही माझी जाणार. शेठनी मला एवढंच विचारलं, “खरं कोणतं?” मी साडेअठरा सांगितलं. ते म्हणाले, “मग तेच लिही.” आणखी एक : विक्रीवाल्याने ‘सरकारी पूर्तता पॅकेजमध्येच’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच सूचनांनुसार हे ऑडिट सीआयआय, फिक्की (या उद्योग संघटना) किंवा एनपीसीच्या (राष्ट्रीय उत्पादकता परिषदेच्या) प्रमाणित ऑडिटरकडून करायचं होतं, आणि यांच्याकडे तसा माणूस नव्हता. त्याचे पैसे वेगळे गेले. सही करण्याआधी प्रमाणपत्र हातात घेऊन बघा.

वर्षाच्या आराखड्याने तर निराशाच केली. माझं आजोळ पांझरा नदीकाठचं, फडाचं : शेतं मोठाल्या फडांत वाटलेली, बंधाऱ्याचं पाणी सामाईक. तिथे बंधाऱ्याला पाणी किती हे पाहून कोणत्या फडात काय पेरायचं आणि कोणता पडीक ठेवायचा हे आधी ठरायचं. आजोबा बारेकरी होते, पाटाचं पाणी ते शेतोशेत लावून द्यायचे. बोअर आटले तर आधी काय थांबवायचं, रिफायनरी किती टनांवर आणायची, टँकर कोणत्या तारखेपासून सांगायचे, हे मला आराखड्यात हवं होतं. त्यांच्या ६४ पानांत जून आणि ऑक्टोबरसाठी एकच तक्ता आहे. मेमध्ये विहिरीने तळ गाठला तेव्हा ते पुस्तक मी उघडलंसुद्धा नाही. वहीत मी आणि बॉयलरवाल्या अण्णांनी मिळून तीन ओळींचं वेळापत्रक केलं, त्यावर महिना निघाला.

घ्यावं का, असं दोघातिघांनी फोनवर विचारलंय. मीटर घ्या, टॉवरसाठी त्यांचा माणूस जरूर बोलवा. आधीचा वापर ठरवण्यापूर्वी प्रत्येक मीटर स्वतःच्या टाकीवर तपासून घ्या, आणि एक रात्र कारखाना पूर्ण बंद ठेवून दोन वाजता आकडा बघा. बचतीच्या टक्क्यावर फी मान्य करू नका.

मी फीच्या कागदावर ३१२ खोडून २९४.६ लिहिलं, दोन्ही टाकी-चाचण्यांचे फोटो जोडले आणि सोमवारी परत पाठवला. नूतनीकरण फक्त मीटर आणि डॅशबोर्डचं, असं सोबत कळवलंय. आज शनिवार, अजून उत्तर नाही.