गोल की ओव्हल? उजेड बदलला की हिरा बदलतो

गोल ब्रिलियंट (जास्तीत जास्त चमकावा असे पैलू पाडलेला गोल हिरा) घ्यावा की ओव्हल, म्हणजे लंबगोल, इथवर तुम्ही पोचला असाल तर वजन, रंग, शुद्धता यांचा अभ्यास झालेलाच असणार. त्यात मी शिरत नाही. कागदावर हे दोन आकार कितीही तुल्यबळ वाटले तरी उजेड बदलला की ते वेगळे वागतात, आणि हा फरक दुकानात बहुधा कळत नाही. आम्ही निवड करताना साधारण सारख्या वजनाचे, एकाच रंगाचे दोन हिरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. गोल बायकोने ठेवला, ओव्हल बहिणीने. त्यामुळे दोन्ही अजूनही नजरेखालून जातात. पुढचं सगळं त्या बघण्यातून बनलेलं मत आहे, मोजमाप नाही.

आधी दुकानातला उजेड. छतात बारीक, प्रखर स्पॉटलाइट लावलेले असतात आणि हिऱ्यातल्या रंगीत ठिणग्यांना, म्हणजे ज्याला ‘फायर’ म्हणतात त्याला, हाच उजेड मानवतो. पांढरा प्रकाश हिऱ्यातून बाहेर पडताना रंगांत फुटतो. दिवा लहान असेल तर डोळ्यात एका क्षणी एकच रंग शिरतो, आणि निळी किंवा केशरी ठिणगी स्पष्ट दिसते. दिवा मोठा, पसरट असेल तर शेजारशेजारचे रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. तेव्हा स्पॉटलाइटखाली दोन्ही हिरे लखलखणार, यात नवल नाही. खरं सांगायचं तर तिथे ओव्हलच भाव खाऊन गेला. एक कॅरेटचा नीट पैलू पाडलेला गोल हिरा साधारण 6.4 ते 6.5 मिमी व्यासाचा असतो, तेवढ्याच वजनाचा ओव्हल पावणेआठ मिमीच्या आसपास लांब. बोटावर तो मोठा दिसतो, बोटही निमुळतं दिसतं, आणि कॅरेटमागे किंमत सहसा गोलापेक्षा कमी असते. तिथल्या तिथे ठरवायचं असतं तर आम्ही ओव्हलच घेतला असता.

उन्हाबद्दल थोडंसं, कारण इथे पुष्कळांची घालमेल होते. थेट उन्हात चांगला हिरासुद्धा काळसर दिसतो. सूर्य एकच आणि अतिशय प्रखर, त्यामुळे मोजकेच पैलू एका वेळी पेटतात, आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसलेल्या असतात, आणि बाकीचा हिरा त्या मानाने गडद वाटतो. गोल काय, ओव्हल काय, दोघांचंही हेच होतं. तेवढ्यावरून कुठलाही हिरा नाकारू नका. दोन पावलं झाडाखाली सरका आणि पानांतून कवडसे पडत असतील तिथे हात धरा. माझ्या मते हिऱ्याला यापेक्षा चांगला उजेड नाही. ढगाळ दिवशी मात्र ठिणग्या जवळजवळ बंद होतात आणि दोन्ही हिरे पांढरे-राखाडी दिसतात. इथपर्यंत बरोबरी.

आता ज्या उजेडात आपण दिवसाचे बहुतेक तास काढतो तो घ्या: खिडकीतून येणारा, किंवा ऑफिसच्या छतातल्या पॅनेलचा, सगळीकडे सारखा पसरलेला. आमचा निर्णय इथे झाला. कीबोर्डवर हात आहे, नजर सहज खाली जाते, आणि ओव्हलच्या मधोमध एक काळपट आडवा पट्टा दिसतो: दोन त्रिकोण, मध्याकडे निमुळते होत एकमेकांना टेकलेले. यालाच ‘बो-टाय’ म्हणतात. वाचून माहीत असणं वेगळं आणि मान वाकवली की दर वेळी तो समोर येणं वेगळं. हिऱ्याची दोन्ही टोकं छान उजळलेली, आणि जिथे नजर आपोआप जाते तो मध्य मात्र विझलेला. मला ते फार खटकलं. एकदा दिसल्यावर नजर तिथेच अडकू लागली.

हा पट्टा म्हणजे हिऱ्यातला डाग नव्हे. ती आपल्याच डोक्याची सावली आहे. मधले पैलू जवळजवळ सरळ वरून येणारा उजेड परत पाठवतात, आणि वर आपलं डोकं असतं. मग परत यायला उजेडच उरत नाही. डोकं जवळ न्याल तसा पट्टा रुंदावतो, हात लांब धराल तसा आकसतो. म्हणूनच समोर बसलेल्याला तो फारसा जाणवत नाही. तो तिरका बघत असतो. अंगठी घालणाऱ्याला मात्र तो जास्तीत जास्त दिसतो, आणि हिरा सर्वांत जास्त वेळ बघणार तीच व्यक्ती.

गोल हिऱ्यातही डोक्याची सावली पडते, हे मला नंतर नीट लक्षात आलं. वरून सरळ पाहिल्यावर त्यात जे आठ गडद बाण दिसतात ते बऱ्याच अंशी तेच आहेत. पण गोलामध्ये खालच्या बाजूचा उतार चहूबाजूंनी सारखा ठेवता येतो. हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टॉल्कॉव्स्कीने 1919 साली मांडलेलं गणित आजही आधाराला घेतात: खालच्या पैलूंना 40.75 अंश, वरच्यांना 34.5 अंश. उतार सारखा असल्यामुळे सावली आठ बारीक भागांत वाटली जाते, प्रत्येक गडद रेघेशेजारी एक उजळ रेघ येते, आणि बोट जरा हललं की गडद ते उजळ आणि उजळ ते गडद होतं. तो काळोख चमकेला उठावच देतो. ओव्हलमध्ये खोली एकच, पण मध्यापासून कड कुठे जवळ तर कुठे दूर. साहजिकच उतार जागोजागी बदलतो आणि सावली एका ठिकाणी गोळा होते. उत्तम कारागीर ती फिकी करू शकतो. अजिबात सावली नसलेला ओव्हल निदान मी तरी पाहिलेला नाही.

बहिणीचं मत वेगळं आहे, तेही सांगायला हवं. तिला त्या पट्ट्यामुळे हिऱ्याला खोली आल्यासारखी वाटते. आणि रात्री, एकाच दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात, तिचा ओव्हल देखणा दिसतो: टोकांकडून संथ, रुंद चमका सरकत येतात. गोलाच्या चमका बारीक आणि चपळ असतात. ज्यांची अंगठी मुख्यतः संध्याकाळी, समारंभाला बाहेर निघणार आहे, त्यांनी माझी तक्रार कदाचित मनावर घेऊ नये.

रंगाचं थोडक्यात. ओव्हलच्या टोकांना पिवळसर झाक गोळा होते. पिवळ्या बल्बखाली ती लपते, खिडकीशी पांढऱ्या उजेडात दिसते. गोल हिरा तोच रंग बराच झाकून नेतो. तेव्हा ओव्हलमध्ये रंग एखादी पायरी वरचा घेतलेला बरा.

सर्टिफिकेटवर फार विसंबू नका, ओव्हलच्या बाबतीत तर नाहीच. जीआयए ही हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था 2006 पासून गोल ब्रिलियंटला कटची, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत याची, ग्रेड देते. बहिणीच्या ओव्हलच्या कागदावर खोली, टेबल (वरचा सपाट पैलू), पॉलिश, सिमेट्री हे सगळं आहे, पण कटची ग्रेड नाही आणि त्या पट्ट्याबद्दल अवाक्षर नाही. तिथे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. दोन्ही हिरे आधी स्वच्छ पुसून घ्या, कारण हिऱ्याला तेलकटपणा चटकन धरतो आणि मळका हिरा कुठल्याही उजेडात मलूलच दिसतो. मग स्पॉटलाइटपासून दूर, खिडकीपाशी न्या. आपण एरवी हाताकडे बघतो तेवढ्याच अंतरावर धरून सावकाश कलवा. पट्टा कलवल्यावर उजळून निघत असेल तर ओव्हल घ्यायला हरकत नाही. कसाही कलवला तरी काळाच राहत असेल, तर तो आकाराने कितीही मोठा दिसू दे, सोडून द्या.

बजेट आड येत असेल तर मी गोलाचं वजन थोडं उतरवेन. 0.90 कॅरेटचा गोल हिरा साधारण 6.2 मिमीचा भरतो. एक कॅरेटच्या तुलनेत हा पाव मिलिमीटरचा फरक बोटावर मला तरी ओळखता येत नाही. ओव्हलमधला तो पट्टा मात्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून नाही, पण हातभर अंतरावरून रोज ओळखता येतो.