खिशातला सॅटेलाइट रेडिओ म्हणून माझ्याकडून २२,३४९ रुपये उकळले

प्रदर्शन-विक्रीच्या हॉलमध्ये 'खिशात ठेवा, लोकलमध्ये ऐका, अँटेनाची कटकट नाही' असं सांगून कुणी सॅटेलाइट रेडिओ विकत असेल तर पाकीट काढू नका. माझे २२,३४९ रुपये गेलेत. सेटचे १४,५००, 'वर्षाच्या ॲक्टिव्हेशन'चे ३,६००, 'बूस्टर अँटेना'चे २,२५० आणि नंतर फोनवरून उकळलेले 'सिग्नल रिलीज'चे १,९९९. बाकीची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे तीच. ऑफर आजचीच, सेट शेवटचे दोनच, आणि शेजारी उभा राहून 'मी मागच्या महिन्यात नेला, मस्त चालतो' म्हणणारा एक गृहस्थ. तो त्यांचाच माणूस होता हे सांगायला नको.

घरात आणि बिल्डिंगमध्ये सगळे एकच विचारतात, मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं, मग रेडिओवर एवढे पैसे कशाला? त्यांना सांगून दमलो, इथंही सांगतो. रेडिओ अण्णांसाठी हवा होता. माझे वडील नव्वदीला टेकलेत, काचबिंदूमुळे दिसत जवळजवळ नाही. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांचं बोट कुठं पडणार? त्यांना दाबल्यावर कट् वाजणारं बटण लागतं. २००६ ते २००९ आमच्या परळच्या घरी वर्ल्डस्पेस या थेट उपग्रहावरून चालणाऱ्या रेडिओ सेवेचा सेट होता. त्यावर 'गंधर्व' वाहिनीला शास्त्रीय संगीत आणि 'फरिश्ता'ला जुनी हिंदी गाणी. अण्णांचा अख्खा दिवस त्यावर जायचा. ३१ डिसेंबर २००९ ला ती सेवा भारतात बंद झाली आणि तेव्हापासून अण्णा तसल्या रेडिओची आठवण काढतात. त्या विक्रेत्याला मी एवढंच म्हणालो की आमच्याकडे पूर्वी वर्ल्डस्पेस होता. त्यानं लगेच दोरी पकडली. "तेच परत सुरू झालंय काका. नव्या कंपनीनं घेतलंय. आता खिडकी शोधायला नको."

वर्ल्डस्पेस ज्यांनी वापरला त्यांना हे 'खिडकी शोधायला नको' किती गोड वाटेल, ते इतरांना कळणार नाही. एशियास्टार हा त्याचा उपग्रह २००० साली सोडलेला, १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर. मुंबईतून त्याची जागा आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर. अँटेनाची चपटी पाटी नेमकी तिकडं वळवायची आणि पडद्यावरचे पट्टे वाढेपर्यंत बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत बसायचं. आमच्यासमोर गिरणीच्या जागेवर टॉवर चढत गेला तसा खिडकीतला सिग्नल गेला. शेवटी गच्चीवरून वायर खाली आणली. सेटला पोर्टेबल म्हणायचे, कारण तो बॅटरीवर चालायचा. पण स्वयंपाकघरात नेला की मुका. ज्यानं तीन वर्षं हे केलंय त्याला कुणी खिशात घालून दाखवलं की 'घ्यावा' वाटणारच. यात हावरटपणा नव्हता, मला फुकट काही नको होतं. मी पूर्ण किंमत मोजत होतो.

आता तो क्षण. रोज रात्री तो डोळ्यांसमोर येतो आणि अंगाची आग होते.

हॉल दादर पश्चिमेचा, चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. वर चार स्लॅब, खाली पत्र्याचं फॉल्स सीलिंग, आणि त्याचा स्टॉल अगदी आतल्या कोपऱ्यात, जवळपास एक खिडकी नाही. त्यानं सेट चालू केला, बासरी लागली. सेटच्या मागची अँटेनाची पट्टी उघडली आणि ती माहीमच्या बाजूच्या भिंतीकडं, म्हणजे थेट उत्तरेकडं ठेवली. मग सेट माझ्या शर्टाच्या खिशात टाकून म्हणाला, फिरून या. मी फिरलो. जिन्याखालून गेलो, बाथरूमच्या बोळात गेलो. बासरी एका श्वासाचीही तुटली नाही.

तिथंच कळायला हवं होतं. विषुववृत्तावरचा कोणताही उपग्रह मुंबईतून बघितला तर आकाशाच्या दक्षिणेकडच्या अर्ध्यातच सापडतो, उत्तरेला कधीच नाही. चार स्लॅबांखाली, उत्तरेच्या भिंतीकडं तोंड करून वाजणारा सॅटेलाइट रेडिओ या जगात नाही. आणि मी शंका काढलीच नाही असं कुणी समजू नये. मी स्पष्ट विचारलं, "स्लॅबमधून सिग्नल कसा येतो?" त्यावर तो हसून म्हणाला, "काका, तुमच्या मोबाइलमध्ये जीपीएस चालतं ना? तोही उपग्रहच. त्याला कुठं डिश लावता?"

हे उत्तर इतकं तयार होतं की भलेभले गप्प बसतील. म्हणून त्यातली लबाडी नीट समजून घ्या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर, आपल्या डोक्यावर एका वेळी अनेक असतात आणि प्रत्येकाकडून येणारी माहिती सेकंदाला जेमतेम ५० बिट. गाणं ऐकायला सेकंदाला हजारो बिट लागतात, वर्ल्डस्पेसच्या वाहिन्या १६ हजारांपासून पुढं होत्या. तेही एकाच उपग्रहाकडून, न तुटता. शिवाय बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जीपीएस चालतं का? नाही. म्हणजे त्याचंच उदाहरण त्याच्या विरुद्ध जात होतं. पण गर्दीत उभं राहून, हातात वाजणारी वस्तू धरून हा हिशेब कोण मांडतो?

त्यानं अमेरिकेतल्या सेटचे फोटोही दाखवले. तसले सेट खरोखर होते. तिथल्या एक्सएम कंपनीचा मायफाय २००४ साली आला, सिरियस कंपनीचा स्टिलेटो २००६ साली. पण स्टिलेटोबरोबर अँटेना बसवलेला वेगळा हेडफोन मिळायचा, कारण खिशातल्या सेटला आपलंच शरीर आड येतं आणि डोकं तेवढं उघडं राहतं. वर त्यांच्या शहरांत उंच इमारतींच्या आडोशाला ऐकू यावं म्हणून जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पसरवणारे खांब, उभे केलेले. जपान आणि कोरियातही हातातल्या सेटसाठी उपग्रह सोडला होता, तिथंही शहरांत जमिनीवरून सिग्नल पुरवावा लागायचा, आणि त्या सेवाही २००९ आणि २०१२ मध्ये बंद झाल्या. 'कुठंही ऐका' हे जिथं थोडंफार खरं ठरलं, तिथं उपग्रहाइतकंच जमिनीवरच्या खांबांचं काम होतं. मुंबईत असा एकही खांब नाही, आणि त्या अमेरिकी सेवांचे उपग्रह आपल्या क्षितिजाखाली आहेत. भारतात आज हातात धरून ऐकायची सॅटेलाइट रेडिओ सेवाच नाही. आकाशवाणीच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर मिळतात, पण त्याला भिंतीला घट्ट बसवलेली डिश लागते.

घरी आणल्यावर सेट वाजला, हे सगळ्यात वाईट. अण्णा खूश. मग हळूहळू त्यांनीच म्हणायला सुरुवात केली, "अरे, हा यमन कालच झाला. त्याच्यामागून हाच दादरा." आम्हाला वाटलं म्हातारपणाचा भास. एकदा मी शेजारी बसलो होतो तेव्हा निवेदिका म्हणाली, "सर्व श्रोत्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा." चैत्र संपत आला होता. अण्णांचे कान आम्हा सगळ्यांपेक्षा तीक्ष्ण होते आणि आम्ही त्यांनाच गप्प केलं होतं.

त्यानंतर पडद्यावर 'नो सिग्नल' आलं. फोन केला तर तो अगदी आदबीनं बोलला, उपग्रहाकडून रिलीज घ्यावा लागतो, १,९९९ भरा. भरले. ज्या वस्तूत वीस हजार गुंतलेत तिच्यासाठी कुणीही आणखी दोन हजार भरतो, हेच त्यांचं गणित असतं. तो फोन मग कायमचा बंद.

लॅमिंग्टन रोडला एका जुन्या मेकॅनिकनं सेट माझ्यासमोर उघडला. आत एमपीथ्री प्लेअरचा साधा बोर्ड, एफएमची चिप आणि ३२ जीबीचं मेमरी कार्ड. अँटेनाच्या पट्टीतून एक काळी वायर आत येत होती, बोर्डापर्यंत पोचतच नव्हती. टोक कापून प्लास्टिकला हॉट ग्लूनं चिकटवलेलं, सोल्डरचा एक ठिपका नाही. २,२५० च्या बूस्टरमध्ये तर पत्र्याचा चौकोन आणि वजन वाटावं म्हणून दोन लोखंडी वॉशर. मेकॅनिक म्हणाला, सगळा माल हजाराच्या आतला. उघडण्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

असला सेट समोर आला तर स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा आणि डब्याला कान लावा. गाणं तरीही सलग चालू असेल तर ते आकाशातून येत नाही, डब्यातच आहे. विक्रेता डबा लावू देत नसेल तर तिथून निघा.

आता पोलिसांचं सांगतो. चौकीतल्या हवालदारांनी सेट हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "काका, चायना माल आहे, बिघडणारच." मी म्हटलं, बिघडलेला नाही, हा रेडिओच नाही. मग म्हणाले, माल खराब निघाला तर ग्राहक न्यायालय. मी म्हटलं, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तेव्हा त्यांचा सूर बदलला: पैसे क्यूआरनं गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर उभं राहून खरेदी केली, हे सायबर कसलं, चौकीत जा. पुन्हा चौकी. तिथं दुसरे साहेब, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगा. वयाच्या बासष्टाव्या वर्षी बाकावर बसून माझ्याच पैशांसाठी गयावया करायची, आणि समोरचा मोबाइलमधून मान वर काढत नाही! बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. फसवून घेतलेली संमती ती संमती का? तिच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. हॉलच्या मॅनेजरनं तर हात झटकले, आम्ही फक्त टेबल भाड्यानं देतो. टेबल कुणाला दिलं, त्याची कागदपत्रं? "तसं काही घेत नाही."

एका ठिकाणी जरी कुणी पाच मिनिटं नीट ऐकलं असतं तर पुढच्या प्रदर्शनात तो माणूस पकडता आला असता. तो आज दुसऱ्या कुठल्या तरी उपनगरात कुणाच्या तरी अण्णांसाठी तोच सेट विकत असेल, आणि हे लोक हद्द कुणाची यावर वाद घालतायत.

क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा. माझ्या वेळी कंपनीचं नाव न येता भलत्याच माणसाचं आलं. 'आमचे अकाउंटंट' म्हणाला. दुकानाच्या नावाशिवाय दुसरं नाव आलं तर पिन टाकू नका, कितीही माणसं मागं खोळंबलेली असोत. बिलावरचा जीएसटी क्रमांक तिथल्या तिथं जीएसटीच्या साइटवर टाका, फुकट आहे, मिनिट लागत नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ नं सुरू होतो. माझ्या बिलावरचा ०७ नं होता, म्हणजे दिल्लीचा, आणि तो निघाला एका कापड व्यापाऱ्याचा. पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, चौकीत जायच्याही आधी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच अडतात. चौकीत तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. शिक्का मागितला की आवाज खाली येतो. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तोच अर्ज पोलिस उपायुक्तांना टपालानं पाठवता येतो. आणि सेट, खोका, बूस्टर रागानं फेकून देऊ नका. माझ्या मेव्हण्यानं 'भंगारात टाक' म्हणून लकडा लावला होता, मी ऐकलं नाही. तो सेटच माझा पुरावा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मी ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. विक्रेता सापडत नाही म्हणून हॉल चालवणाऱ्यांनाही मी सामनेवाले केलं आहे. ज्याच्याकडून भाडं घेतलं त्याचं नाव-गाव त्यांना आयोगासमोर सांगावंच लागेल. यंदाच्या चैत्रात दादरच्या प्रदर्शनातून असाच सेट कुणी नेला असेल तर मागचे चार स्क्रू काढून अँटेनाची वायर कुठवर जाते ते बघा, फोटो काढा आणि आपल्या नावानं वेगळी तक्रार टाका. एकाच टेबलाविरुद्ध चार तक्रारी गेल्या की 'आम्ही कागदपत्रं घेत नाही' हे उत्तर त्यांना देता येणार नाही.