क्लास की फॅक्टरी फंक्शन? जिनिंगच्या हिशेबासाठी काय घ्यावं

हिंगणघाट-वणीकडच्या एखाद्या जिनिंगसाठी कापूस खरेदीचं छोटं ॲप जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं, तर काट्यावर येणारी दर गाडी एक ऑब्जेक्ट होणार, म्हणजे तिचे आकडे आणि त्यांच्यावरची कामं एका ठिकाणी. ते क्लासने, म्हणजे ठरलेल्या साच्याने बनवायचं, की ऑब्जेक्ट बनवून हाती देणाऱ्या साध्या फंक्शनने, म्हणजे फॅक्टरीने?

कॉलेजात जावा शिकून आलेली पोट्टी डोळे झाकून क्लास घेतात, पण हा क्लास जावातला नव्हे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा केली, तेव्हा प्रोटोटाइपची कल्पना सेल्फ या भाषेतून घेतली. ऑब्जेक्टमध्ये मेथड (त्याचं काम करणारं फंक्शन) नसेल तर त्याला जोडलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोटोटाइपमध्ये शोधायची, तिथंही नसेल तर त्याच्या वरच्यात. क्लास २०१५ मध्ये आला, तरी खालची यंत्रणा तीच. क्लासला टाइपऑफ (प्रकार सांगणारा शब्द) लावून बघा, उत्तर ‘फंक्शन’ येतं. हाताने प्रोटोटाइप जोडणं समजून घ्या, नव्या कोडात मात्र लिहू नका.

क्लासमधली मेथड प्रोटोटाइपवर एकदाच राहते, हंगामभराच्या गाड्या तीच वापरतात. फॅक्टरीत दर गाडीमागे नवं फंक्शन बनतं. शे-दोनशे नोंदींना त्याने काही बिघडत नाही.

क्लासची खरी कटकट म्हणजे धिस, मेथड ज्या ऑब्जेक्टवर बोलावली ते दाखवणारा शब्द. वजन १२ क्विंटल, भाव ७,००० धरला तर गाडी.पावती() बरोबर ८४,००० दाखवते. तीच मेथड कंस न लावता बटणाच्या क्लिकला दिली, की धिस म्हणजे ते बटणच होतं. बटणाला कुठलं वजन अन् कुठला भाव? शेतकरी समोर उभा, आणि रकमेच्या जागी नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. ॲरो फंक्शनमध्ये (=> ने लिहिलेलं छोटं फंक्शन) गुंडाळून दिली की प्रश्न मिटतो. फॅक्टरीत वजन-भाव क्लोजरमध्ये, म्हणजे फंक्शनने स्वतःपाशी धरून ठेवलेले असतात, धिस लागतच नाही, आणि बाहेरून कोणी भावही बदलू शकत नाही. क्लासमध्ये त्यासाठी हॅशवाली (नावाआधी # लावलेली) खासगी फील्ड, म्हणजे माहितीची जागा आहे, २०२२ च्या आवृत्तीपासून. जुन्या मोबाइलच्या ब्राउझरात ती चालते का, ते आधी बघा.

पण गावात नेटवर्क जातं, म्हणून नोंदी जेसन (साधा मजकूर) करून लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत ठेवाव्या लागतात. तिथं क्लोजरमधलं वजन उतरतच नाही, हॅशवालंही नाही. साध्या फील्डचा क्लास असेल तर आकडे टिकतात. मेथड मात्र उडतात, म्हणून परत वाचताना ते आकडे कन्स्ट्रक्टरला (क्लासमधलं ऑब्जेक्ट उभं करणारं फंक्शन) देऊन गाडी नव्याने उभी करायची.

म्हणून गाड्यांच्या नोंदींना मी साध्या फील्डचा क्लास घेईन. काट्याचं चालू रीडिंग दाखवणारा स्क्रीनवरचा डबा एकच असतो, जतनही करायचा नसतो. त्याला फॅक्टरी बरी.