सिटी व्हीटेकला लाँच लिमिटर बसवून आठ महिने झाले, त्याचा हिशोब

खंडेनवमीला गाडीला हार घातला आणि पुढच्याच रविवारी तिचा डॅश उघडून बसलो. आईला ते अजून पटलेलं नाही. त्याला आता आठ महिने झाले. एवढ्यात सहा ऑटोक्रॉस (शंकू मांडलेल्या मैदानावर एकेका गाडीची वेळ घेणारी स्पर्धा), धावपट्टीवरचे दोन दिवस आणि रोजचं ऑफिस, एवढं या वायरिंगवर झालंय.

गाडी जुनी होंडा सिटी, 1.5 व्हीटेक, मॅन्युअल. 1493 सीसी, कागदावर 106 बीएचपी. त्यातले आज किती उरलेत ते विचारू नका. टर्बो नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. टर्बोवाल्यांना लिमिटरवर उभं राहून बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, तयार करून ठेवता येतो, आपल्याला त्यातलं काही मिळत नाही. आपल्याला मिळतं ते एकच: दर वेळी सारखा स्टार्ट.

लाँच लिमिटर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ठरवलेल्या आरपीएमवर अडकून राहतं. क्लच सुटला की अडवणूक संपते आणि वर फक्त कंपनीचा मूळ लिमिटर उरतो. हे काम करणारा मी घेतलेला इलेक्ट्रॉनिक डबा इग्निशन तोडणारा आहे, म्हणजे मधले मधले स्पार्क पडू देत नाही. त्याचं नाव लिहीत नाही. एका डब्यावरून कुणाची जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

या इंजिनात कॉइल (स्पार्कचा करंट बनवणारी) आणि इग्नायटर (तिला चालू-बंद करणारा) दोन्ही डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या, पोटात आहेत. त्यामुळे बाहेरच्या कॉइलवर बसणारे डबे इथे सरळ लागत नाहीत. ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) इग्नायटरकडे जाणारी, स्पार्क कधी पाडायचा ते सांगणारी ट्रिगरची वायर तोडून डबा मध्ये घालावा लागतो. बाकी चार वायरी: फ्यूजमधून चावीचा करंट, अर्थ, टॅकोचा (आरपीएम मीटरचा) सिग्नल आणि क्लचची वायर. रिले आणि सॉकेट पुण्याच्या नाना पेठेतून आणले. वायरिंग आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांकडे बसून केलं. काकांनी ट्रिगरची वायर कापायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "बाळा, डबा मेला तर गाडी कुठे उभी राहील, याचा विचार केलायस का?" केला नव्हता. मग त्यांनीच कापलेल्या दोन्ही टोकांना कनेक्टर लावले आणि डब्याऐवजी घालायला एक छोटा बायपास प्लग करून दिला. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. फेब्रुवारीत खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो आणि नंतर गाडी चालूच होईना. डब्याकडचं एक क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेलं टोक) सैल झालं होतं. प्लग घातला, गाडी चालू, पाच मिनिटांत रस्त्याला. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

पहिल्या चाचणीला मात्र घाम फुटला. लिमिट 3500 वर ठेवलं, क्लच दाबला, पाय दिला. सुई 3500 ओलांडून गेली, 4500, पाच हजार, आणि काहीच नाही. पाय काढला. अर्धा तास वायरी तपासल्या, शेवटी माहितीपत्रक पुन्हा उघडलं: डबा आठ सिलिंडरवर लावून आलेला. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्पार्क पडतात, आठच्यात चार. त्यामुळे डब्याला आमचे आरपीएम निम्मेच दिसत होते आणि माझं 3500 खरं तर 7000 होतं. सेटिंग बदललं आणि पुढच्या वेळी इंजिन 3500 वर फटफटायला लागलं.

दुसरी चूक अर्थची. डॅशच्या एका पट्टीचा स्क्रू जवळ होता म्हणून तिथेच अर्थ घेतला. रेडिएटरचा पंखा चालू झाला की लिमिट दोनअडीचशे आरपीएम इकडेतिकडे व्हायचं. ईसीयूचा अर्थ जिथे आहे तिथे नेल्यावर थांबलं. टॅकोची वायरही स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब घ्या.

पण डबा, सेटिंग, अर्थ हे सगळं एका शनिवार-रविवारचं काम. खरे तीन महिने गेले क्लचच्या स्विचवर, आणि त्याबद्दल कुणी नीट लिहीत नाही. माझ्या गाडीत क्लचला स्विच नव्हता, म्हणून पेडलच्या वर पट्टी ठोकून मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारं छोटं बटण) लावला. पहिल्यांदा असा लावला की पेडल अगदी तळाला टेकल्यावरच तो दबायचा. परिणाम: पाय जरा वर आला की लिमिटर सुटायचा, पण क्लच अजून पकडलेला नसायचा. त्या क्षणभरात इंजिन मोकळं पळायचं आणि पकडेपर्यंत सुई 5000 च्या वर. पुढची चाकं नुसती जागेवर फिरायची. मग स्विच पार वर नेला, तर उलटं झालं. क्लच पकडायला लागला तरी लिमिटर धरून बसलेला, आणि गाडी गुदमरून उचक्या देत निघायची. योग्य जागा म्हणजे क्लच पकडायला लागतो त्याच्या किंचित खाली. माझ्या पट्टीवर ती साधारण चार मिलिमीटरच्या पट्ट्यात सापडली. पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडून घ्या, म्हणजे स्विच सरकवता येतो. क्लच झिजला किंवा केबल ताणली की ती जागा पुन्हा शोधावी लागते.

शिवाय क्लच आपण फक्त स्टार्टला दाबत नाही. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जातानाही स्विच दबतोच, आणि डबा साडेसहा हजारांवरून थेट 3500 शोधायला लागतो. मागून गोळीसारखा बार. म्हणून क्लचच्या वायरीत स्टिअरिंगजवळ एक दाबून धरायचं बटण घातलं. बटण धरा, क्लच दाबा, पाय द्या. निघालात की बटण सोडा. रोजच्या रस्त्यावर बटणाला हात लागत नाही, त्यामुळे डबा असून नसल्यासारखा. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमेबल ईसीयू आहे त्यांना हे काम वेगाच्या सेन्सरवर करता येतं. त्यांनी हा डबा घेऊच नये.

फायदा किती? माझी सगळ्यात चांगली वेळ फारशी सुधारली नाही. वाईट वेळा मात्र गायब झाल्या. आधी दहा स्टार्टपैकी तीन-चार फसायचे, आता एखादा. डांबरावर मी 3600 वर ठेवतो, मुरमाच्या मैदानावर 2800 वर. त्याहून वर गेलं की ही गाडी फक्त टायर जाळते.

खर्चाची बाजूही लिहितो. सातव्या महिन्यात क्लच प्लेट गेली, आणि आधीची किती चालली होती ते बघता अर्धा दोष या खेळाचा. इंजिनचं एक माउंटिंग फाटलं. स्पार्क गाळल्यावर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात जातं, म्हणून दोन-तीन सेकंदांच्या वर कधीच धरत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग, तो या पेट्रोलने तापून खराब होतो) असलेल्या गाडीत तर इंधन तोडणारी पद्धतच बघा. न वापरलेला ऑक्सिजन बघून सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सरही ईसीयूला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असल्याचं सांगतो, ते आणखी वेगळं. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर आपल्या वर्गाच्या नियमांत हे बसतं का, ते आधी वाचा. माझा एक मित्र स्टॉक (बदल न केलेल्या गाड्यांच्या) वर्गातून याच कारणासाठी बाहेर काढला गेला.

आता पाऊस सुरू झालाय. गेल्या आठवड्यात ओल्या बुटाचं पाणी वर उडून मायक्रोस्विच अडकला, आणि सिग्नलवरून जोरात निघताना अंगठा चुकून बटणावर गेला तर इंजिन फटफटायला लागलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून "साहेब, प्लग बदला" म्हणून सांगितलं. पाणी न जाणारा स्विच मागवलाय. तो येईपर्यंत डब्याच्या जागी काकांचा प्लग.